आतड्यातून आलेलं ‘बिसीच’

‘बिसीच’! इतकी वर्षं इंग्रजी वाचतोय, पण या क्रियापदापाशी कधी थांबलोच नव्हतो. आता भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

अर्थ काय, तर काकुळतीला येऊन विनवणं. त्याच अर्थाचं ‘बेग’ रोजच्या वापरानं पार गुळगुळीत झालंय. नीट ऐकू आलं नाही तरी इंग्रज माणूस ‘आय बेग युअर पार्डन’ म्हणून मोकळा होतो. ‘बिसीच’ असं उठसूट येत नाही. ते येतं प्रार्थनेत, जुन्या नाटकांत, जीव टांगणीला लागल्यावर. आणि त्याच्या पोटात चक्क ‘सीक’ आहे, शोधणं! म्हणून तर ‘सीक’चं ‘सॉट’ होतं तसं याचं ‘बिसॉट’. (‘बिसीच्ड’ही चालतं, पण ‘बिसॉट’ची शान वेगळीच!)

मला खरं वेड लावलं ते ऑलिव्हर क्रॉमवेलच्या पत्रानं. ३ ऑगस्ट १६५०. इंग्लंडचं सैन्य घेऊन हा स्कॉटलंडात घुसलेला, आणि तिथल्या चर्चच्या महासभेला लिहितो: ख्रिस्ताच्या आतड्यांची आण घालून विनवतो, तुमचंही चुकत असेल, एवढी शक्यता तरी धरा. हाताशी तोफा असलेला सेनापती ‘बिसीच’ म्हणतो! त्या काळच्या इंग्रजीत करुणेचं घर आतड्यांत होतं. आजच्या इंग्रज वाचकाला ती आतडी विचित्र वाटतात, त्याला टीप द्यावी लागते. आपल्याला कसली टीप? आतड्याची माया, आतडं पिळवटणं हे मराठी माणसाला उपजत कळतं. ते वाक्य वाचलं आणि अंगावर सर्रकन काटा आला.

स्कॉटिश मंडळी बधली नाहीत. बरोबर महिन्याभरानं, ३ सप्टेंबरला, डनबारच्या लढाईत त्यांचा दारुण पराभव झाला.

वाक्य मात्र टिकलं. संख्याशास्त्रात ‘क्रॉमवेलचा नियम’ आहे: तर्कानंच जे सिद्ध वा अशक्य ठरतं ते सोडून कशाचीही संभाव्यता पूर्ण शून्य किंवा पूर्ण एक धरू नका. आणि १९७३ साली बीबीसीच्या ‘द असेंट ऑफ मॅन’ मालिकेत तिचे निवेदक जेकब ब्रोनोव्स्की आउशवित्झच्या नाझी छळछावणीतल्या तळ्याकाठी उभे राहून हेच वाक्य म्हणतात. त्याच तळ्यात माणसांची राख टाकली होती. त्यांच्या घरातली कित्येक माणसं तिथेच मारली गेली. बोलता बोलता ते सुटाबुटात पाण्यात उतरतात आणि मूठभर चिखल उचलतात.

त्या मालिकेचा अकरावा भाग मिळवा आणि बघाच. अगदी विनवून सांगतो.