उठायची वेळ

गणपतीच्या जागरणाला पत्त्यांचा डाव बसतो. बसण्याआधी एखादा जाहीर करतो, ‘दोनशे रुपये. संपले की उठलो.’ पहाटे तीनला तोच शेजारच्याकडे पाचशे उसने मागत असतो. तो खोटं बोललेला नसतो. शब्द दिला तेव्हा डोकं थंड होतं. आता गेलेले पैसे वसूल करायचे असतात.

धर्मराजाचंही याहून वेगळं झालं नाही. सभापर्वात धृतराष्ट्राने हरलेलं सगळं परत दिलं, तरी पुन्हा बोलावणं येताच तो द्यूताला बसला. बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास हा त्या दुसऱ्या डावाचा पण.

म्हणजे मर्यादा घालायची ती बसण्याआधी, आणि नेमक्या आकड्यात. कॅनडातल्या व्यसनविषयक राष्ट्रीय केंद्राने २०२१ साली असे आकडे दिले. महिन्याला घरच्या करपूर्व उत्पन्नाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त लावू नये, महिन्यात चार दिवसांपेक्षा जास्त खेळू नये आणि दोनपेक्षा जास्त प्रकारचे जुगार नेहमी खेळू नयेत. तिन्ही अटी एकदम पाळायच्या. पन्नास हजार मिळकतीच्या घरात ही रक्कम होते पाचशे. रोज मटक्याचा आकडा लावणाऱ्याचे महिन्याचे चार दिवस सोमवारी सुरू होऊन गुरुवारीच संपतात! ज्याला नैराश्य आहे, दारूचा त्रास आहे किंवा ज्याच्या घरात जुगाराने आधीच वाट लावली आहे, त्याने याहून कमी खेळावं, किंवा खेळूच नये, असंही त्या केंद्राने सांगितलं आहे.

आकडा ठरला. तो सांभाळणार कोण?

ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगाराची स्वतःची मर्यादा कमी केली तर ती लगेच लागू होते. वाढवायची तर किमान २४ तास थांबावं लागतं. त्या चोवीस तासांत डोकं थंड व्हायला वाव मिळतो. तिथल्या ‘गॅमस्टॉप’ या योजनेत माणूस सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षांसाठी स्वतःवर बंदी घालून घेतो, आणि मुदत संपेपर्यंत ती त्याला स्वतःलाही उठवता येत नाही.

आपल्याकडे २०२५च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. पण मटक्याचा बुकी किंवा गल्लीतला तीन पत्तीचा अड्डा ‘आता पुरे’ म्हणत नाही. उधारी मात्र देतो. तेव्हा चोवीस तासांची ती आडकाठी घरातच उभी करावी लागते. डावाला जाताना फोन आणि कार्ड घरी, खिशात ठरलेली रोकड, पगाराचं खातं बायकोच्या किंवा आईच्या नजरेखाली. आणि सोबत्यांना आधीच सांगून ठेवायचं, ‘मी मागितले तरी उसने देऊ नका.’

एवढं करूनही पाय तिकडेच वळत असतील, तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. फोनला पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.