रसद आणि रणभूमी
युद्धेतिहासाच्या अभ्यासात नजर आधी नकाशावरील बाणांकडे जाते, भुकेकडे उशिरा. पानिपतच्या तिसऱ्या लढाईपूर्वी, ऑक्टोबर १७६० मध्ये, मराठ्यांवर चालून आलेल्या अफगाण अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली, मराठ्यांची दिल्लीकडची वाट अडली आणि रसद, म्हणजे फौजेला पोहोचणारे धान्य, वैरण व पैसा, आटत गेली. ती पुरवू पाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. मराठ्यांच्या छावणीत यात्रेकरू आणि बायकामुलेही होती. वैरणीवाचून खंगलेल्या घोड्याच्या पाठीवर हात ठेवताना शिलेदाराला, म्हणजे स्वतःचे घोडे बाळगणाऱ्या स्वाराला, काय वाटले असेल, हे दप्तरे सांगत नाहीत, आणि अभ्यासकाची हुरहूर तिथेच रेंगाळते. १४ जानेवारी १७६१ रोजी ही फौज उपाशीपोटी मैदानात उतरली आणि हरली. त्या पराभवाचे कोणतेही विवेचन रसदेवाचून अपुरेच राहते.