पाचटातला आवाज

आधी कबूल करतो, मला बंदूक हवी होती. साधी ठासणीची नव्हे. सिनेमात कोटाच्या आतून निघते तसली, हातभर लांबीची, घोडा दाबला की थांबतच नाही अशी.

आमच्या निरगुडसरला थ्री फेज लाइट पाळीनं रात्रीची असते, म्हणून उसाला दारं धरायला अंधारात जावं लागतं. उसात बिबट्या. भीती वाटते म्हणायची लाज, म्हणून मी बंदुकांच्या गप्पा मारायचो. जानेवारी २०२१मध्ये 'अस्मी'ची बातमी आली. महूच्या इन्फन्ट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्याच्या पाषाणमधली शस्त्रसंशोधन संस्था एआरडीई यांनी ४ महिन्यांत घडवलेलं मशीन पिस्तूल. ९ मिलिमीटरची गोळी, मॅगझिनमध्ये ३३, मारा १०० मीटर, वजन २ किलोच्या आत. माझ्या शेताच्या टोकापर्यंत पुरेल, असा हिशोब मी पारावर मांडला. त्याच वर्षी गृहखातं आमच्याच गावच्या दिलीप वळसे पाटलांकडे आलं, तेव्हा 'आता परवाना घरचाच' ही थट्टाही माझीच. १९५९च्या शस्त्र कायद्यानं असलं हत्यार सामान्य माणसाला बंदच आहे, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं.

फौजेतला पुतण्या सुट्टीवर आला. त्याच्यापुढेही माझं सुरू झालं: जितकी छोटी, जितकी वेगवान, तितकी भारी. मोटर चालू होती. त्यानं पाइप माझ्या हातात दिला. "काका, तोंडाशी एका हातानं धरा." पाइप उसळला, पाणी माझ्याच तोंडावर.

"बंदूक छोटी केली की आतला बोल्ट हलका होतो, आणि हलका बोल्ट सुसाट पळतो," तो म्हणाला. मूळ उझी बंदूक मिनिटाला ६००च्या आसपास गोळ्या झाडते, तिचं धाकटं भावंड मायक्रो उझी दुपटीच्या घरात. नळी लगेच आभाळाकडे. म्हणून तर मागे दस्ता जोडायचा, वेग मारायचा. चेकोस्लोव्हाकियाच्या १९६१च्या स्कॉर्पियन मशीन पिस्तुलात वेग रोखणारी यंत्रणा मुठीतच बसवली होती. म्हणजे कारागिरांची अर्धी अक्कल या हत्याराला आवरण्यात गेली, आणि मी मात्र त्याच्या सुसाटपणावर भाळलेलो.

तरी मत बदललं म्हणणार नाही. पाणी अंगावर उडालं, वाळलं.

पुढच्या पाळीला रात्री एकच्या सुमारास पाचटात खसखस झाली. बॅटरी क्षीण झालेली. मी आवाज दिला नाही. कोण आहे, एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. हातातला कोयता आवाजाच्या दिशेनं फेकला. "काका, मी!" शेजाऱ्याचा पोरगा, चौदा-पंधराचा, आमचं पाणी आटोपलं का ते विचारायला आलेला. कोयता त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर बांधात रुतला होता.

मी तिथंच चिखलात बसलो. डोक्यात एकच हिशोब फिरत होता: मिनिटाला १२०० म्हणजे ३३ गोळ्यांना दोन सेकंदही नकोत. कोयता एकच होता, म्हणून चुकला. बिबट्या राहिला बाजूला. गावात सगळ्यात घाबरलेला जीव मीच होतो, आणि मीच पारावर हत्यार मागत होतो.

पोरानं घरी काही सांगितलं नाही. मीही नाही, आज पहिल्यांदा लिहितोय. मात्र रात्री आमच्या बांधावर यायच्या आधी तो लांबूनच स्वतःचं नाव घेऊन ओरडतो. बिबट्यासाठी नव्हे.