काळी चार

सारोळ्याच्या भजनात पेटीवाला भात्याला हात घालायच्या आधी विचारतो, "पट्टी?" उत्तर ठरलेलं: काळी चार. अभंग चढला की आवाज पार नीरेच्या पुलापर्यंत जातो, पुलापलीकडे सातारा जिल्हा. पण ज्याचा गळा काळी चारला पोचत नाही त्याचं काय? त्याच्या हातात टाळ देतात. आमच्या तात्यांचा आवाज रांजणात बोलल्यासारखा, खर्जातला. कधी राहवलं नाही आणि खालच्या सुरात गुणगुणले, की शेजारचा कोपर मारतो. तात्या गप्प होतात, टाळ तेवढे जोरात वाजतात.

पेटी मूळची फ्रान्सची. तिकडे जिला जी शार्प म्हणतात, ती आपली काळी चार. पट्ट्या बोटानं मोजून आपल्या लोकांनी केलेलं हे बारसं मला फार आवडतं.

पुण्यात नोकरीला असताना एका डिसेंबरात गोव्याचा मित्र मला हँडेलचा 'मसाया' ऐकायला घेऊन गेला. हँडेलनं तो १७४१ मध्ये अवघ्या २४ दिवसांत लिहिला. तो ऑरेटोरिओ, म्हणजे गाण्यातून सांगितलेली कथा, पण कपडेपट नाही, अभिनय नाही. उभं राहून गायचं. मला थेट कीर्तन आठवलं. बुवा निम्मं बोलत, निम्मं गात कथा पुढे नेतात, तसं तिथलं रेसिटेटिव्ह. मग कथा थांबते, बुवा पद घेतात आणि एकच भाव घोळवत राहतात, ती आरिया.

कोरस सुरू झाला आणि मी हरवलो. मुख्य चाल कुठली तेच सापडेना. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. चौघांच्या चार चाली, वाटा वेगळ्या आणि गाव एक. मित्राला यात नवल नव्हतं. गोव्यात चर्चच्या शाळांतून गाणं शिकवणारे मेस्त्री पोरांना सोल्फेजो, म्हणजे तिकडची सरगम, घोटवून घेत आणि तिथली मांडो गाणीसुद्धा दोन आवाजांत गातात. त्याच शिकवणीतून माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या सिनेसंगीतात आले.

मित्रानं सांगितलेली एक गंमत. आल्टो म्हणजे उंच, पण कोरसमध्ये तो बायकांचा खालचा आवाज. कारण जुन्या काळी मोजणी टेनरपासून होई. टेनर म्हणजे धरून ठेवणारा. तो चर्चची जुनी चाल लांब सुरांत धरून बसे आणि बाकीचे त्याच्याभोवती फिरत. आल्टो त्याच्या वर, म्हणून उंच.

शेवटाकडे एक आडव्या अंगाचा माणूस पुढे आला. रांजणातला आवाज. आख्खी आरिया त्याची एकट्याची, सोबतीला ट्रम्पेट. त्याला कोणी कोपर मारला नाही. उलट बास नसेल तर वरच्या तिघांच्या पायाखाली जमीनच नाही, असं मित्र म्हणाला.

गावी गेल्यावर तात्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, "तात्या, तिकडं तुमच्या आवाजाला वेगळी चाल लिहून देत्यात."

तात्यांनी तंबाखू मळली, चिमूट सोडली आणि विचारलं, "मंग त्यांच्यात टाळ कोन वाजवतं?"

परवाच्या एकादशीलाही पट्टी काळी चारच होती.