थांबायचे कोठे?

दिल्ली ते चंडीगढ हा प्रवास मी आजवर किती वेळा केला, याचा हिशेब माझ्यापाशी नाही. तो सरकारी लॉगबुकांत असेल. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १ हा २०१० च्या फेरक्रमांकनात ४४ झाला. लोक मात्र अजून जीटी रोडच म्हणतात. पहाटे निघावे, बैठक उरकावी आणि रात्री घर गाठावे असा हा दौरा. त्यात अधिकाऱ्याने पूर्णतः स्वतःच्या अखत्यारीत घ्यावयाचा निर्णय बहुधा एकच असतो, थांबायचे कोठे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण या रस्त्यावर थांबण्याला मोठी परंपरा आहे. शेरशाहाने येथे सराया बांधल्या, मोगलांनी कोसमिनार उभारले. घरौंड्याला एका मोगलकालीन सराईचे दरवाजे आजही उभे आहेत. सराई गेली, दरवाजे राहिले. पुष्कळ शासकीय योजनांचेही असेच होते. १९६६ साली हरियाणा वेगळे राज्य झाले तेव्हा त्याच्या वाट्याला ना हिमशिखरे आली ना समुद्र. आला तो दिल्लीहून पंजाब-हिमाचलकडे जाणारा रस्ता. तेव्हा राज्याने त्या रस्त्यालाच पर्यटनस्थळ मानले आणि जागोजागी विश्रामस्थाने उभारून त्यांना पक्ष्यांची नावे दिली. समालख्याला ब्लू जे, पानिपतला स्कायलार्क, पिपलीला पॅराकीट, अंबाल्याला किंगफिशर. आपल्याकडे जे आहे त्यातून धोरण घडवण्याचे इतके चांगले उदाहरण मी क्वचितच पाहिले आहे.

खाजगी क्षेत्राचे उत्तर म्हणजे मुरथल. दिल्लीपासून पन्नासेक किलोमीटरवर ढाब्यांची रांगच आहे. तंदुरी पराठा, त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा, आणि रात्री दोन वाजताही लखलखाट. इतके ढाबे एकाच ठिकाणी का, हे हॅरल्ड हॉटेलिंग यांच्या १९२९ च्या निबंधाने एम.ए.च्या वर्गात समजावले होते: विक्रेते एकमेकांपासून दूर न जाता शेजारी येऊन बसतात. गिऱ्हाईक कोठून येते आणि त्याची गाडी कोण चालवते, याविषयी मात्र तो निबंध काही सांगत नाही.

महाराष्ट्रातून पाहुणे आले की पानिपत टळत नाही. २००८ साली शहरावरून उन्नत मार्ग झाल्यापासून पानिपत केव्हा मागे पडले तेही कळत नाही. मुद्दाम खाली उतरावे लागते. काला आम येथील स्तंभापाशी पाहुणे चप्पल काढून उभे राहतात. १७६१ चा तो दिवस त्यांना कालचा वाटतो. मीही दरवेळी उतरतो.

असो. माझा स्वतःचा नियम ठरलेला होता: परतताना मुरथल. घर टप्प्यात आले की जेवण निश्चिंतपणे होते, एवढेच त्यामागचे तर्कशास्त्र. चंडीगढहून निघाल्यावर मुरथल दोनशे किलोमीटरवर आहे, हा विचार मला कधी शिवला नाही. मी मागच्या आसनावर झोपलेला असे.

काही वर्षांपूर्वीची जानेवारीतली रात्र. बैठक लांबली होती. पिपली मागे पडली, कर्नाल मागे पडले. समालख्याच्या अलीकडे चाके कच्च्यात उतरल्याच्या खडखडाटाने मी जागा झालो, आणि त्याच क्षणी चालकही. गाडी थांबली. धुक्यात वीसेक पावलांवर उसाने भरलेली, दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती.

चालक खाली उतरले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. वयाने ते माझ्याहून मोठे होते. "सॉरी, साब," एवढेच म्हणाले. पुढे एका टपरीवर आम्ही चहा घेतला. तेव्हा कळले की पहाटे तीनला उठून ते गॅरेजमध्ये पोहोचले होते. माझी बैठक चालू असता साहेब केव्हाही बोलावतील म्हणून दिवसभर गाडीतच बसून होते. मी विचारले, "करनाल पर रुकने को क्यों नहीं कहा?"

"साब, आप तो मुरथल रुकते हैं ना."

या उत्तराने मी आजही अस्वस्थ होतो. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा सांगत असे की सलग पाच तासांपेक्षा अधिक काम नको आणि मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी. पण तो भाड्याने प्रवासी वा माल वाहणाऱ्या उपक्रमांसाठी होता. आमच्या स्टाफ कारच्या चालकाला त्याचा थेट आधार नव्हता. ज्या लॉगबुकावर मी वर्षानुवर्षे सही करीत आलो, त्यात निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ आणि किलोमीटर होते. विश्रांतीचा रकाना नव्हता, आणि तो नाही हे मला दिसलेही नव्हते. ज्ञान माणसामाणसांत विखुरलेले असते आणि मध्यवर्ती निर्णयकर्त्याच्या हाती ते येत नाही, हा हायेक यांचा १९४५ चा मुद्दा मी परीक्षेत सफाईने लिहिला होता. डोळे मिटू लागले आहेत हे ज्ञान पुढच्या आसनावर होते आणि अधिकार मागच्या.

त्यानंतर मी चालकांना विचारू लागलो, "कोठे थांबू या?" उत्तर ठरलेले: "जहाँ आप कहें, साब." विचारले म्हणजे अधिकार दिला, हा माझा भ्रम होता. म्हणून नियमच केला की परतताना कर्नालला अर्धा तास. मी आत जाऊन बसतो, म्हणजे त्यांना आसन मागे करून निर्धास्त पडता येते. मुरथलचा पराठा आता क्वचितच होतो. घरची मंडळी कुरकुरतात.

ते चालक निवृत्त झाले. सध्याचे तरुण आहेत, रोहतककडचे, फारसे बोलत नाहीत. गेल्या महिन्यात अंबाला ओलांडल्यावर त्यांनी आरशातून मागे पाहिले. "साब, आज पिपली ही रोक लूँ?"

पिपलीचा चहा अगदीच पाणचट होता. आम्ही तेथे पाऊण तास थांबलो.