झ पासून सुरुवात

प्रौढांच्या अंकलिपीत सोपी अक्षरं आधी, मग काना-मात्रा आणि जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी, असा शिरस्ता आहे. लहान मुलांना तो चालतो. त्यांना शाळेत दुसऱ्या कुणीतरी धाडलेलं असतं आणि कुठवर जायचंय याची त्यांना फिकीर नसते. झाशीत मोठ्या माणसांचा संध्याकाळचा वर्ग घ्यायला बसलं, की हा शिरस्ता पहिल्याच आठवड्यात मोडतो. गावाचं नाव झ ने सुरू होतं आणि हिंदी पाटीवर त्याच्या डोक्यावर चंद्रबिंदू असतो. वस्ती लक्ष्मी ताल या तळ्याकाठची, म्हणजे दुसऱ्याच अक्षरात क्ष ला म जोडलेला. स्टेशनला २०२१ च्या अखेरीस वीरांगना लक्ष्मीबाईंचं नाव मिळालं, तेव्हा तिथेही जोडाक्षरापासून सुटका नाही. आणि वर्गात येणाऱ्या बायका कमल किंवा सरला असत्या तर गोष्ट वेगळी. पण त्या असतात प्रेमवती, द्रौपदी आणि श्यामप्यारी.

म्हणून आमच्याकडे सुरुवात झ पासून होते. ज्याला जो शब्द हवा, तो त्याचा पहिला धडा.

वर्ग तालाजवळच्या एका सामुदायिक भवनात भरतो. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे जायला लागलो. झाशीत आमच्यासारखी मराठी घरं नेवाळकर राजघराण्याच्या अमदानीपासून आहेत. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली. त्यामुळे वर्गात मी ‘मास्साब’ आहे, घरी मात्र अण्णा. उन्हाळ्यात झाशीचा दिवस कामाचा राहत नाही, तेव्हा वर्ग दिवेलागणीनंतर. सहालग, म्हणजे लग्नसराई, सुरू झाली की भवन लग्नाच्या वरातींना जातं आणि आम्ही ओट्यावर बसतो. बँडच्या आवाजात बाराखडी म्हणायची सवय सगळ्यांनाच झाली आहे.

येणारे कोण? घरकाम करणाऱ्या बायका, बिड्या वळणाऱ्या, ई-रिक्षावाले, भाजी विकणारे. प्रत्येकजण काहीतरी एकच वाचायला आलेला असतो. एकीला नवऱ्याच्या गोळ्यांच्या पाकिटावरची नावं ओळखायची असतात, कारण दोन्ही पाकिटं चंदेरीच. दुसरीला पासबुकातली शेवटची ओळ कळायला हवी, म्हणजे मुलाला विचारावं लागणार नाही. रिक्षावाल्याला वस्त्यांची नावं हवीत. सही करायला शिकणं ही पूर्वी मोठी गोष्ट होती. आता रेशनच्या मशीनवर शिकलेल्यालाही बोट टेकवावं लागतं. त्यावरून मला एकीनं ऐकवलंच, “मास्साब, अब तो तुमऊ अँगूठा लगाउत हो!” तिचं म्हणणं बिनतोड होतं. तरीही ती स्वतः सही गिरवत बसलीच होती.

एक गोष्ट मला या वर्गानंच दाखवली. मी फळ्यावर ‘लक्ष्मी ताल’ लिहिलं. ई-रिक्षा चालवणारा एक गडी बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “मास्साब, बोर्ड वारो ल तो दूसरो है.” खरंच दुसरा होता. मी लहानपणी आईच्या हाताखाली गिरवलेला मराठी वळणाचा ल काढला होता, आणि तालाच्या पाटीवरचा ल हिंदी छापाचा. आयुष्यभर मी दोन्ही वाचत आलो, त्यांतला फरक मात्र डोळ्यांना कधी जाणवला नाही. त्याला जाणवला, कारण तो अक्षर वाचत नव्हता, निरखत होता. मग फळ्यावर दोन्ही ल शेजारी शेजारी काढले. श चंही तसंच केलं. त्या संध्याकाळी ठरवलेला धडा बाजूलाच राहिला, पण त्या गड्यानं दुसऱ्या दिवशी येताना दुकानांच्या पाट्यांवरचे सगळे ल मोजून आणले होते. वर्गाबाहेर त्याची परीक्षा रस्ता घेत होता, आणि ती माझ्यापेक्षा कडक होती.

माणसाच्या रोजच्या जगण्यातला शब्द घेऊन अक्षरं शिकवायची, ही युक्ती माझी नव्हे. ब्राझीलमध्ये अंगिकोस गावी १९६३ साली पावलो फ्रेरी यांनी सुमारे ३०० शेतमजुरांना अशीच शिकवण दिली. ४० तासांच्या आसपास अभ्यासात ते लिहू-वाचू लागले. शब्द होते विटेसारखे, हाताला ठाऊक असलेले. पण इतकं दूर जायचीही गरज नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात आपल्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा सुरू केली. दिवस कामाचा असतो, म्हणून शाळा रात्री: एवढी साधी गोष्ट, पण शिकणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे शाळेनं वागायचं, हे त्यात आलं.

तालाकाठी बसलं की ती वर्षं मला वेगळ्याच कारणानं आठवतात. झाशीचे राजे गंगाधरराव १८५३ च्या नोव्हेंबरात गेले. त्यांची छत्री राणी लक्ष्मीबाईंनी इथेच, महालक्ष्मीच्या देवळाजवळ बांधवली. पुढच्या वर्षी इंग्रजांनी संस्थान खालसा केलं. त्याच सुमारास पुण्यात कुणी मजुरांपुढे पाटी ठेवत होतं. झाशीच्या राजवाड्यातही पुस्तकं काही कमी नव्हती. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’मध्ये तो ग्रंथसंग्रह आणि १८५८ च्या लुटीत त्याचा झालेला नाश, दोन्ही लिहून ठेवलं आहे. ते वाचताना जीव हळहळतो. पण तालावरून पाणी भरून नेणाऱ्यांना त्या पोथ्यांतलं एक अक्षरही लागत नव्हतं, तेव्हा त्यांचं त्या लुटीत नेमकं काय गेलं, हा प्रश्नही मनात येतो. घागरी घेऊन जाणाऱ्यांच्या पणत्या आज माझ्यासमोर बसतात, असं मी मनाशी धरून चालतो.

वर्गाला फी नाही. तरी तो फुकट आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बिड्यांची मजुरी हजारावर मिळते. वळणारीला तास म्हणजे किती बिड्या हे चोख ठाऊक असतं. रिक्षावाल्याची संध्याकाळची वेळ तर सगळ्यांत कमाईची. ती सोडून जे मिळवायला आला, ते मिळालं की तो जाणारच. आणि जातातच. गोळ्यांची नावं ओळखता आली, बाई यायची बंद. पासबुक कळलं, दुसरी बंद. माझ्या हजेरीपटावर निम्म्या नावांपुढे रेघा असतात. आधी मला हे खुपायचं. नोकरीत हजेरीवर आयुष्य काढलेला माणूस मी! आता वाटतं की दवाखान्यातून बरा होऊन गेलेला रोगी पुन्हा आला नाही म्हणून कोणता डॉक्टर खंतावतो?

पण सगळी गरज औषध-पासबुकाचीच असते, असं धरून चालणारेही चुकतात. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, तेव्हा भर १५ ते ३५ वयोगटावर होता, म्हणजे कामाच्या उपयोगाची माणसं. त्याआधी १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत गावंच्या गावं साक्षर झाल्याचे समारंभ झाले. पण नंतर वाचायला काही हाती आलं नाही, तर शिकलेली अक्षरं पुसट होतात, हा धडाही अशा मोहिमांनीच दिला. त्याच्या उलट मुरबाडजवळचं फांगणे गाव. तिथल्या आजीबाईंची शाळा ८ मार्च २०१६ ला सुरू झाली, आणि ती कुठल्या अर्जासाठी नव्हे. गावातल्या पारायणाच्या वेळी आज्यांना वाटलं, आपल्यालाही पोथी वाचता यायला हवी होती. कामं उरकल्यावर दुपारी त्या गुलाबी साड्या नेसून वर्गात बसायच्या. पोथी वाचून कुणाचं रेशन वाढत नाही. तरीही माणसाला ती वाचावीशी वाटते.

आमच्याकडे हेच एका म्हाताऱ्यानं शिकवलं. आल्हा गाणारा माणूस. पावसाळ्यात बुंदेलखंडात आल्हा-ऊदलच्या लढाया गाव जमवून गातात. त्या त्याला लहानपणापासून तोंडपाठ. पंचाहत्तरीकडे झुकलेला, कोणत्याही मिशनच्या वयात तो बसला नसता. त्याला हवा होता एकच ग्रंथ, छापील आल्हा. अडखळत, बोट सरकवत त्यानं पहिलं पान संपवलं, पुन्हा वाचलं, आणि पुस्तक बंद करून म्हणाला, “गलत छपो है.” त्याच्या आजोबांनी दिलेली ओळ वेगळी होती. मी समजावलं की आल्हा तोंडोतोंडी आला आहे, जगनिक कवीच्या नावावर असला तरी गावागणिक पाठ बदलतो. त्याला ते पटलं नाही. पटावं तरी का? साठ वर्षं गाऊन पाहिलेली ओळ एका कागदावरून कशी हटेल?

आता तो रोज येतो. वाचायचं त्याचं काम झालंय; त्याला लिहायला शिकायचंय, आपला पाठ कागदावर उतरवायला. क्ष ला म कसा जोडायचा हे त्यानं विचारलं नाही. त्याला पाहिजेत आल्ह्यातली नावं, महोबा आणि सिरसा, माहिल आणि मलखान, आणि तीही या महिन्यातच. बाराखडीचा क्रम काय असावा, हे आता तोच मला समजावून सांगतो.