मांडवीचा पिंगळा

भाद्रपद सरत आला, पावसाची झड ओसरली, की आम्हां सुरतकर मराठी मंडळींना तापीकाठच्या सागवनांची ओढ लागते. गेल्या वर्षी आम्ही मांडवीची वाट धरली ती रानपिंगळ्याच्या आशेने.

या छोट्या घुबडाची ओळख ह्यूमने १८७३ साली जगास करून दिली. १८८४ नंतर त्याचा नमुना कोणास मिळाला नाही, अपवाद एकच. कर्नल माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते : मांडवी, तापीकाठ, १९१४. केवढा हा मान आमच्या मांडवीचा! त्या चिठ्ठीच्या भरवशावर शोधक हिंडले आणि रित्या हाताने परतले. पुढे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी तो नमुना तपासला. क्ष-किरणांखाली चोरी उघडी पडली. पक्षी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळविलेला. ब्रिटिश म्युझियममधून लांबवून, पुन्हा भरून, त्यास नवी चिठ्ठी लावलेली! मांडवी वगळून जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला, तेव्हा १९९७ च्या नोव्हेंबरात, ११३ वर्षांनी, रानपिंगळा शहाद्याजवळ भर दिवसा बसलेला सापडला. पुढे डांगच्या पूर्णा अभयारण्यातही तो आढळला.

मग मांडवीस का नसावा? खोट्याच्या तोंडूनही कधी खरे निघावे, अशी आमची भाबडी समजूत. सकाळी नऊच्या सुमारास सागाच्या वाळक्या फांदीवर ठेंगणी आकृती दिसली. ऊन, उघडी जागा, निर्भय बैठक! आमचा हात थरथरला. वहीत ‘रानपिंगळा’ असे लिहूनही टाकले. तोच स्वारीने मान लववून माथा पुढे केला. माथ्यावर पांढरे ठिपके स्वच्छ होते. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ साफ असतो. हा आमच्या परसातला, ज्याच्या बोलण्यावरून म्हातारी माणसे शकुन पाहत, तोच साधा पिंगळा.

खरे सांगावयाचे तर आम्ही क्षणभर घुटमळलो. तपासावयास कोण येणार होते? पक्षी उडूनही गेला.

“आजोबा, खोडरबर देऊ?” बरोबरच्या नातीने विचारले.

“नको गं,” आम्ही म्हणालो, आणि खालचे अक्षर वाचता येईल अशी एकच रेघ ओढून पुढे लिहिले : पिंगळा, एक.